हिराच्या हातातलं कौल

दोन हजार अठरा साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. वैशाख चालू होता आणि दांडीतल्या आमच्या घराची कौलं परतायला काढली होती.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला कदाचित सांगितलं असतं, पण ती त्याआधीच गेली. देवाला सांगितलं नाही — त्याला ठाऊक असेल तर मी कशाला सांगू, आणि नसेल तर तो कसला देव? तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओटीवर येऊन बसणार नाही. तुमचं तोंड मला बघायला लागणार नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, पुढं बापानं होडीवर घातला. लिहायला वेळ लागतो. मध्येच कुठं तुटलं तर समजा, राग आला म्हणून थांबलो. राग मला लवकर येतो. गावात कोणालाही विचारा.

गावात विचारलंत तर आणखी एक गोष्ट तुमच्या कानावर घालतील. तांडेलाची बहीण हिरा — भावानं आसरा दिला, तर त्याच्याकडंच घराचा हिस्सा मागायला उठली, म्हणून तांडेलानं तिला घालवून दिली. अजून सांगतात. कोणाची लेक माहेरी जरा जास्त दिवस राहिली की भावजया टोमणा मारतात, 'हिरा होऊ नको गं.' मी माझ्या कानांनी ऐकलंय. ऐकून खाली मान घालून पुढं गेलोय.

हिरानं हिस्सा मागितला नव्हता. कधीच नाही.

हे झालं एक. पण एवढंच असतं तर चार ओळींत लिहून मोकळा झालो असतो. अजून खाली आहे. खाडीत काठी घातली की आधी पाणी लागतं, मग चिखल लागतो, आणि चिखलाला तळच लागत नाही — तसं आहे हे.

आधी होडीचं सांगतो. होडीशिवाय पुढचं कळणार नाही.

मी तांडेल. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. आणि होडीही माझी स्वतःची, दुसऱ्या कोणाची नाही. बंदरावर मी उतरलो की पोरं विड्या लपवायची. हे फुशारकी म्हणून सांगत नाही — सांगतो, फुशारकी म्हणूनच सांगतो, खोटं कशाला बोलू? तेवढंच होतं माझ्याकडं. मूलबाळ झालं नाही. शेत नाही, वाडी नाही. एक होडी, आणि बापाचं घर.

त्या होडीचा तळ कुजला. सुतारानं फळीला हातोडी लावली तर हातोडी आत गेली. तो म्हणाला, हिला ठिगळं लावून भागायचं नाही, नवीनच बांधायला लागेल. आता त्या वयात शहाणा माणूस काय करतो? घरी बसतो. पेज पितो, नातवंडं नसली तर शेजाऱ्याची खेळवतो. मी नाही बसलो. आणि दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाणं — ज्यांना मी शिव्या घालून जाळं ओढायला शिकवलं, त्यांच्या हाताखाली? त्यापेक्षा मी बुडालेला बरा.

बोईसरला एक संस्था आहे. नाव सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी त्यांनी खोल्या बांधल्यात, स्वस्त भाड्यानं देतात. आणि गावागावांतून म्हाताऱ्या माणसांची घरं विकत घेतात. घर विकत घेतात आणि त्याच माणसाला त्याच घरात ठेवतात — थोड्या भाड्यानं, तो मरेपर्यंत. कौलं, भिंती, दुरुस्ती सगळी त्यांची. पुढं ते घर बिल्डरला जाणार नाही, गरजवंतालाच भाड्यानं मिळणार, असा त्यांचा नियम. हे मी बर्फाच्या गाडीवाल्याकडून ऐकलं. ऐकलं तेव्हा मला पहिली गोष्ट काय सुचली, सांगू? पैसा नाही सुचला. सुचलं ते असं — हे कोणाला दिसणार नाही.

होडी गेली तर अख्ख्या बंदराला दिसतं. तिची जागा रिकामी पडते. घर गेलं तर काय दिसतं? तीच ओटी, तीच तुळस, संध्याकाळी तोच म्हातारा बसून खोकतो. कोणाला काय कळणार? म्हणून मी घर विकलं आणि होडी बांधली. घर विकलं यात पाप होतं असं मी आजही म्हणत नाही. बापाचं होतं, बापानं माझ्या नावावर केलं होतं. विकलं. पण मी ते लपवलं. का लपवलं?

कारण जन्मभर मी लोकांना भाडोत्री म्हणून हिणवत आलो होतो. बोईसरला माल घेऊन गेलो की त्या खोल्यांच्या रांगा बघायचो. एका खोलीत चार-पाच माणसं, एक पाळीवरनं आला की दुसरा उठतो, त्याच अंथरुणावर हा पडतो. मी म्हणायचो, ह्यांना ना दार ना उंबरा, भाडोत्री साले. गावात कोणी बाहेरचा आवाज चढवायला लागला की म्हणायचो, तू भाडोत्री, तू बोलू नको. माझ्याइतक्या वेळा तो शब्द अख्ख्या दांडीत कोणी उच्चारला नसेल. आता तोच शब्द माझ्या गळ्यात. मी तो कोणाला दाखवू?

संस्थेत एक मॅडम होत्या. तरुण, हसतमुख, 'काका, काका' करणाऱ्या. मला त्यांचा राग यायचा — चांगलं बोलायच्या म्हणून. सगळं ठरलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, घरात आणखी कोण राहतं? जे जे राहतात त्यांची सगळ्यांची नावं घालायची असतात. म्हणजे तुमच्या माघारी त्यांना कोणी हलवू शकत नाही. त्यांचा हक्क राहतो. फक्त त्यांना एकदा इथं घेऊन या, आमच्याशी बोलू द्या.

घेऊन या. म्हणजे तिला सांगायला लागणार.

मी म्हटलं, "कोणी नाय. एकटा हाय."

मी हे म्हणत होतो तेव्हा हिरा काय करत असेल? माझ्या अंगणात वलांडीवर — बोंबील वाळत घालायच्या आमच्या आडव्या काठ्या असतात, त्यांवर — बोंबील उलटे करत असेल. कावळ्यांना शिव्या घालत असेल.

मॅडम घर बघायला आल्या तो दिवस मी मासवणच्या बाजाराचा निवडून दिला होता. त्या दिवशी हिरा पाटी घेऊन पहाटेच निघायची, ती दिवस कलल्यावर यायची. मागच्या पडवीत तिचा संसार. त्या पडवीला मी कडी लावली आणि मॅडमना म्हटलं, तिकडं जुनी जाळी टाकलीत, वास येईल. त्यांनी नाकाला रुमाल लावला. मी माझ्या हुशारीवर खूश झालो. हो, खूश झालो.

हिरा माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी धाकटी. नवरा दारूत गेला, दिरांनी तिची भांडी दाराबाहेर ठेवली, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडं आली. बाप मरताना बोलला होता — हिरा कधी परत आली तर मागची पडवी तिची. मी मान हलवली होती. ती आली आणि कोणाच्या जिवावर राहिली नाही. माझ्याच होडीचे बोंबील माझ्याकडून भाव करून घ्यायची, वाळवायची, मासवणला नेऊन विकायची. मी म्हणायचो, सख्ख्या भावाशी भाव करतेस? तर म्हणायची, "सख्खा हायस म्हणून तर करते. परका असतास तर फसवला असता." मी ओरडायला लागलो की म्हणायची, "दादा, आवाज होडीवर ठेवून येत जा, घरात मावत नाय." बायको शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तिचं सगळं हिरानं केलं. सगळं म्हणजे सगळं. मी बाहेर ओटीवर बसायचो.

नवी होडी पाण्यात घातली त्या दिवशी तिनंच होडीला ओवाळलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "एवढा पैसा आणलास कुठनं रे दादा?"

"साठवला होता."

"तू?" ती हसायला लागली. "तुज्या खिशात सुपारी टिकत नाय, आन् पैसा टिकला?"

मी तिच्यावर खेकसलो. बायकांनी होडीच्या गोष्टीत नाक खुपसू नये असं काहीतरी बोललो. दर महिन्याला मी भाडं द्यायला बोईसरला जायचो, तेव्हा सांगायचो, एंजिनाचं सामान आणायला जातो. ती डब्यात भाकरी बांधून द्यायची. मी त्या संस्थेच्या पायरीवर बसून ती भाकरी खायचो.

खाल्ली कशी गेली? गेली. भूक लागते माणसाला.

आता कौलांचं. आमच्या घराची एक रीत आहे. दुसऱ्यांकडं असेल नसेल, मला माहीत नाही. पावसाच्या आधी कौलं परतायला काढली की पहिलं कौल घरच्या लेकीनं वर द्यायचं. त्याला हळदकुंकू लावायचं, दोन्ही हातांत धरायचं, आणि शिडीवरच्या माणसाच्या हातात द्यायचं. मग बाकीची कौलं कोणीही देवो. लेक सासरी असली तर निरोप धाडून बोलवायची. आत्या यायची, मी लहान असताना. नंतर हिरा यायची. आजा म्हणायचा, लेक घर सोडून जाते, पण छप्पर तिच्या हातचं असतं.

ती विधवा होऊन आली त्या साली शेजारची म्हातारी आमच्या अंगणात येऊन बोलली, आता हिचा हात कशाला लावता, दुसरी कोणी सवाष्ण बघा. मी शिडीवर होतो. तिथनं ओरडलो, "ही ह्या घराची लेक हाय! तिचा नवरा मेला, बाप माजा होता तोच तिचा हाय! दे गं हिरा!" अख्ख्या आळीला ऐकू गेलं. हिरानं कौल वर दिलं. ते कौल घेताना मला वाटलं होतं, आपल्याएवढा मोठा माणूस दांडीत नाही.

तोच मी. हे ध्यानात ठेवा. मला येत नव्हतं असं नाही. मला बोलता येत होतं.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे मागचं सांगताना अडखळायला नको. त्या वैशाखानंतर हिरा बोईसरला खोली घेऊन राहिली. दोन मच्छीवाल्या बायांबरोबर, भाड्यानं. तिथंच सुकी मासळी विकायची. आमच्या गावातल्या बाया बाजारात गेल्या की तिच्या पाटीसमोरून तोंड फिरवून जायच्या. भावाचं घर खायला निघाली होती ना ती. शेजारचा बाबू — तो माझ्यापेक्षा लहान, पण जन्मापासूनचा शेजार — तो एकदा सांगत आला, "हिरा भेटली व्हती. म्हटलं, कशाला भावाशी वाकडं घेतलंस? तर नुसती हसली. आन् मना मूठभर जवळा जास्त दिला." म्हणजे तिनं बाबूलाही सांगितलं नाही. तिला काय जड होतं? एक वाक्य. 'घर त्याचं नाहीच, त्यानं विकलंय' — एवढं बोलली असती तर आळीनं माझ्या तोंडावर थुंकलं असतं. ती नाही बोलली. याचा मला राग येतो. अजून येतो. बोलायला हवं होतं तिनं! भावाची अब्रू राखायला तिला कोणी सांगितलं होतं?

राग तिच्यावर काढतोय. बघा. अजूनही तिच्यावरच.

दोन पावसाळे गेले, ती तिसरा बघायला राहिली नाही. ताप आला म्हणतात. तिच्या खोलीतल्या बायांनी बाबूच्या फोनवर कळवलं. बाई गेली की अंगावर माहेरचं लुगडं घालतात. ते भावानं न्यायचं असतं. मी हिरवं लुगडं आणलं आणि बाबूच्या हातात दिलं. म्हटलं, गुडघे धरलेत, तू जा. गुडघे धरलेले नव्हते. बाबू ते लुगडं परत घेऊन आला. तिनं स्वतःच एक आणून ठेवलं होतं, पेटीत, घडी न मोडलेलं. बायांना सांगून ठेवलं होतं, माझं माहेरचं हेच.

आलो आता. त्या दिवसावर येतो.

कौलं परतायचं काम आता संस्थेचं होतं. त्यांचा ठेकेदार, त्यांची माणसं. हिराला मी सांगितलं होतं, सरकारी योजना आली आहे, म्हाताऱ्यांची घरं फुकट शाकारून देतात. ती म्हणाली, "फुकट? मग मागच्या पडवीचीबी करून घे, माज्या डोक्यावर गळतं." आणि सकाळपासून तयारीला लागली. डोक्यावरनं आंघोळ केली. कौलांच्या ढिगातनं एक चांगलं निवडलं, धुतलं, पुसलं. हळदकुंकू लावलं. ओटीवर उभी राहिली कौल दोन्ही हातांत धरून, आणि शिडी लावणाऱ्या पोरांना दम देत होती — "आधी माजं घ्यायचं. माज्या आधी कोणी कौलाला हात लावला तर बघा."

तेवढ्यात मॅडम आल्या. येणार म्हणून कळवलं नव्हतं. दुसऱ्या कामाला तारापूरकडं आल्या होत्या, वाटेत बघून जाऊ म्हणाल्या. त्यांनी हिराला बघितलं आणि हसून पुढं झाल्या. "अहो मावशी, तुम्ही कशाला उचलताय? आमची माणसं आहेत ना. घर संस्थेचं, तर कामही संस्थेचं."

हिराला आधी कळलं नाही. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

मी सांगतो तुम्हाला, मी समुद्रात वादळात सापडलोय. एंजिन बंद पडलेलं असताना लाट अंगावर येताना बघितली आहे. पण तिच्या त्या बघण्याला तोड नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता. ती हिशेब लावत होती — होडी, पैसा, बोईसरच्या फेऱ्या, भाकरीचा डबा. एकेक जागेवर बसत गेलं, मला दिसत होतं ते बसताना.

मॅडमनी विचारलं, "काका, या कोण? इथं राहतात का? राहत असतील तर सांगा हं, नाव घालायचं राहून गेलं असेल. अजून घालता येईल. काही अवघड नाही."

ऐकलंत तुम्ही? अजून घालता येईल. काही अवघड नाही. माझ्यासमोर दार उघडं टाकून ती पोरगी उभी होती. मला फक्त म्हणायचं होतं — बहीण आहे माझी. तीन शब्द. ज्या तोंडानं शिडीवरनं आळीला ऐकवलं होतं, त्याच तोंडानं. पण बहीण म्हटलं असतं तर मी पहिल्यांदा खोटं बोललो होतो हे मॅडमना कळलं असतं. कुंपणापलीकडं बाबू उभा होता, त्याला कळलं असतं. शिडीवरच्या पोरांना कळलं असतं. तांडेल खोटा, तांडेल भाडोत्री. मी काय राखायला बघत होतो? ते काय होतं, ज्यासाठी —

मी म्हटलं, "ही? ही रोजावर येते. मासळी वाळवायला."

हळू म्हटलं. बाबूला ऐकू जाऊ नये इतपत हळू. पण हिरा हातभर अंतरावर होती.

ती कौल धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं आता ते फेकून मारील. मारायला हवं होतं. मी खरं सांगतो, ते माझ्या कपाळावर बसलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती. ती मॅडमकडं वळली आणि बोलली, "हो बाय. मी रोजावरची."

"आणि राहता कुठं मावशी?"

"राहते. जवळच."

मग तिनं ते कौल ओटीवर ठेवलं. आदळलं नाही. हळदकुंकवाची बाजू वर करून, नीट. पदराला हात पुसले. आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. जन्मभर तिनं मला दादा सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"तांडेल," ती म्हणाली, "आजचा रोज द्या. मना बाजाराला जायचाय."

मॅडम बघत होत्या. पोरं बघत होती. मी काय करणार होतो?

तुम्ही म्हणाल, अजून वेळ होती. होती. ती हात पुढं करून उभी होती. मी बंडीच्या खिशात हात घातला आणि तिला रोज दिला. माझ्या बहिणीला. माझ्या बापाच्या ओटीवर. तिनं तो मोजला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. सुक्या बोंबलाची पाटी भरलेलीच होती, ती डोक्यावर घेतली, आणि फाटकातून बाहेर पडली. पेटी घेतली नाही, ती मागाहून मागवून घेतली, तीही दुसऱ्याच्या हातून. नाक्यावर बोईसरची रिक्षा उभी होती. ती आत बसली. पाटी मांडीवर धरली. मागं बघितलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "छान काका. कामाचे पैसे तुम्ही हातच्या हाती देता, मला आवडलं. कितीतरी लोक मावश्यांना फिरवतात."

मी हसलो. हेही लिहून ठेवतो. मी हसलो.

त्या दिवशी काम झालं नाही. पोरं म्हणाली, कौलांखालच्या रिपा कुजल्यात, आधी त्या बदलायला लागतील, उद्या येतो. मी दिवसभर ओटीवर बसून होतो. कौलाच्या शेजारी. तिन्हीसांजेला दिवा तिनं लावायचा असायचा. लागला नाही. मी मनात म्हणत होतो, येईल. पोटात काही गेलं नाही की येईल. बाजार उठला की येईल. तिच्या पडवीत तिची चूल तशीच होती, राख भरलेली. येईल, आणि मग मी बघतो कशी बोलते ते — असाही राग येत होता. चुकलेल्या माणसाला राग येऊ नये ना? मला आला. मला तेवढं एकच येतं.

मी त्या घरात अजून राहतो. भाडं देतो. होडी वाळूवर उपडी पडलीय. दोन-तीन हंगाम चालवली, मग खरंच गुडघे गेले. मॅडमची बदली झाली. नव्या आल्या, त्याही काकाच म्हणतात. छप्पर गळत नाही. मागच्या पडवीत मी खरोखरच जुनी जाळी टाकली आहेत.

कोणी माझी कीव करू नये. कोणी मला समजावू नये, वय झालं होतं, लाज वाटली असेल, माणूस आहे. लाज सगळ्यांना वाटते. सगळे बहिणीला रोज देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं लवकर आली. मी त्यांच्या आधी उठलो होतो. तिच्या चुलीतली राख घेतली, काथ्या घेतला, आणि ओटीवरचं ते कौल घासायला बसलो. हळद लवकर जात नाही. लाल गेलं, पिवळं राहिलं, मी घासत राहिलो. मग शिडीशी जाऊन उभा राहिलो. ते कौल दोन्ही हातांत धरलं.

बाबू कुंपणाशी दात घासत होता. तो बोलला, "तांडेल, तू का देतोस? हिरा कुठं हाय?"

मी म्हटलं, "हिस्सा मागत होती घराचा. घालवली."

आणि कौल वर दिलं.